‘म्हणून’ या शब्दाची जबाबदारी

आमच्या वस्तीतल्या विहारामागच्या खोलीत मी स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींचा संध्याकाळचा वर्ग घेतो. आयुष्यभर माध्यमिक शाळेत गणित शिकविले. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून हे काम पत्करले. गणित आणि सामान्यज्ञान यांत आमची मुले कोणाला हार जाणारी नाहीत. त्यांची गाडी अडते ती ‘विधाने आणि निष्कर्ष’ या प्रश्नांवर. दोन-तीन विधाने दिलेली असतात, खाली एक-दोन निष्कर्ष असतात, आणि विचारलेले असते : यांपैकी कोणता निष्कर्ष निघतो?

एके दिवशी मी फळ्यावर असा प्रश्न लिहिला :

विधान १ : या वस्तीतील सर्व घरांत नळ आहेत.
विधान २ : काही नळ कोरडे आहेत.
निष्कर्ष : या वस्तीतील काही घरांतले नळ कोरडे आहेत.

जवळजवळ सगळ्या वर्गाने हात वर करून सांगितले, निष्कर्ष निघतो. मी म्हणालो, निघत नाही. तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘‘सर, आमच्याकडं चार दिवसांआड पाणी येतं. आई रात्री दोनला उठून हंडे भरते. आणि तुम्ही म्हणता निष्कर्ष निघत नाही. मग खोटं कोण बोलतंय, आम्ही का पुस्तक?’’

मी घाईत उत्तर दिले, ‘‘परीक्षेला बसताना आपली वस्ती विसरायची.’’ ती गप्प बसली. वर्ग पुढे चालू झाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपली वस्ती विसरा, आपली भाषा विसरा, आपल्या आईबापांनी भोगले ते विसरा, मग तुम्हाला बुद्धिमान म्हणू; आमच्या पिढीला शाळेत हेच ऐकविले गेले होते. तेच मी माझ्या तोंडाने एका मुलीला सांगितले. माझे उत्तर परीक्षेच्या दृष्टीने बरोबर होते आणि तरीही चुकीचे होते. ते कोठे चुकले याचा विचार करता करता जे हाती लागले, ते कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१

पहिली गोष्ट ही की, येथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक प्रश्न : हे म्हणणे खरे आहे काय? दुसरा प्रश्न : दिलेल्या विधानांवरून हे म्हणणे निघते काय? पहिल्याचे उत्तर जगाकडे पाहून द्यावे लागते. दुसऱ्याचे उत्तर विधानांचा एकमेकांशी असलेला संबंध पाहून द्यावे लागते. पहिल्याला सत्य म्हणतात, दुसऱ्याला वैधता.

वैधतेची कसोटी साधी आहे. दिलेली सर्व विधाने खरी आणि तरीही निष्कर्ष खोटा, अशी एखादी परिस्थिती कल्पनेत उभी करता येते काय? एक जरी उभी करता आली तरी निष्कर्ष निघत नाही. कितीही प्रयत्न केला तरी ती उभी राहूच शकत नसेल, तरच निष्कर्ष निघतो. वरच्या उदाहरणात समजा, वस्तीतल्या सगळ्या घरांच्या नळांना धो धो पाणी आहे आणि कोरडे नळ आहेत ते बाजारातल्या मंडईत. दोन्ही विधाने खरी राहिली, निष्कर्ष मात्र खोटा ठरला. म्हणून तो निघत नाही.

पण येथे थांबता कामा नये. ‘निघत नाही’ याचा अर्थ ‘खोटे आहे’ असा नव्हे. त्या मुलीच्या घरचा नळ कोरडा आहे हे खरेच आहे. फक्त ते सत्य या दोन विधानांतून आलेले नाही; ते तिच्या आईच्या जागरणातून आलेले आहे. आणि उलटही लक्षात ठेवावे. याच दोन विधानांवरून ‘वस्तीतला एकही नळ कोरडा नाही’ हाही निष्कर्ष निघत नाही. ही विधाने वस्तीतल्या कोरड्या नळांविषयी मुकी आहेत. मुक्या साक्षीदाराच्या तोंडी आपल्याला हवे ते शब्द घालायचे नाहीत, विरोधकालाही घालू द्यायचे नाहीत.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘सर्व मासे झाडावर राहतात, बांगडा हा मासा आहे, म्हणून बांगडा झाडावर राहतो.’ मुले हसतात. पण हा निष्कर्ष वैध आहे. पहिले विधान मान्य केले की तो टाळता येत नाही. आता हसण्याचे सोडून असा युक्तिवाद पाहा : ‘जो जन्माने हीन त्याला विद्येचा अधिकार नाही, हा जन्माने हीन आहे, म्हणून याला विद्येचा अधिकार नाही.’ याचाही घाट वैध आहे. शतकानुशतके पंडितांनी तो बिनदिक्कत वापरला आणि घाटात दोष नव्हता म्हणून तो टिकला. अशा ठिकाणी ‘म्हणून’ या शब्दाशी भांडून उपयोग नसतो. घाव आधारविधानावर घालावा लागतो. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी सहभोजने आणि मिश्रविवाह यांच्याही मागे जाऊन शास्त्रांच्या प्रामाण्यावर हल्ला चढविला, त्याचे मर्म हेच आहे. कोठे घाट मोडायचा आणि कोठे पाया उखडायचा, हे ज्याला कळते त्याला वाद करता येतो.

२

घाट ओळखताना भाषा फसवते. आपली मराठी या बाबतीत मोठी खट्याळ आहे.

‘काही’ हा शब्द घ्या. ‘काही मुले पास झाली’ असे कोणी म्हटले की आपण मनातल्या मनात ‘काही नापास झाली’ असे जोडतो. बोलण्यात ते चालते. तर्कात चालत नाही. तर्कात ‘काही’ म्हणजे निदान एक. सगळी पास झाली असली तरी ‘काही पास झाली’ हे विधान खरेच राहते.

‘फक्त’ हा शब्द त्याहून अवघड. ‘फक्त पदवीधरांना अर्ज करता येतो’ याचा अर्थ, जो अर्ज करू शकतो तो पदवीधर असतो. प्रत्येक पदवीधर अर्ज करू शकतो असा त्याचा अर्थ नाही. वयाची अट आडवी येऊ शकते.

आणि ‘सगळे सभासद आले नाहीत’ या वाक्याचे काय करावे? एकही आला नाही, की काही आले आणि काही राहिले? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. प्रश्न सोडविताना अशा वाक्याशी थांबावे, दोन्ही अर्थ लिहून पाहावेत आणि बाकीच्या मजकुरावरून कोणता बसतो ते ठरवावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका तर इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठीतून शिकलेल्या मुलाला आधी मनात भाषांतर आणि मग तर्क असे दुहेरी ओझे वाहावे लागते. त्यात नकाराची जागा चुकली की सगळा निष्कर्ष उलटतो. म्हणून वर्गात मी मुलांना प्रत्येक विधान आपल्या घरच्या बोलीत मोठ्याने सांगायला लावतो. ज्याला ते बोलीत सांगता आले, त्याला ते कळले.

३

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘जर-तर’ मध्ये. शिष्यवृत्तीचे उदाहरण आमच्या मुलांना पुस्तकापेक्षा लवकर समजते.

‘ज्याला ही शिष्यवृत्ती मिळते त्याच्याकडे जातीचा दाखला असतो.’ एवढे एक विधान धरा. त्यावरून चार प्रकारे पुढे जाता येईल असे वाटते. एक : याला शिष्यवृत्ती मिळते, म्हणून याच्याकडे दाखला आहे. बरोबर. दोन : याच्याकडे दाखला नाही, म्हणून याला शिष्यवृत्ती मिळत नाही. हेही बरोबर. तीन : याच्याकडे दाखला आहे, म्हणून याला शिष्यवृत्ती मिळते. चूक, उत्पन्नाचा दाखला राहिला असेल, मुदत टळली असेल. चार : याला शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणून याच्याकडे दाखला नाही. हेही चूक, त्याच कारणाने.

चारांपैकी दोन वाटा खुल्या, दोन बंद. दाखला आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. समाजकल्याण कार्यालयाच्या खिडकीपुढे तीनदा खेटे घातलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. तरीही परीक्षेत ‘दाखला’ जाऊन तेथे ‘क’ आणि ‘ख’ आले की तोच मुलगा तिसऱ्या वाटेने चालू लागतो.

तो मुलगा कशाला, मीही त्या वाटेने गेलो आहे, आणि परीक्षेत नव्हे. येथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे.

१९८० नंतरच्या काही वर्षांतली ही हकीकत. जयंतीच्या वर्गणीवरून आमच्या वस्तीत बैठक भरली होती. एका तरुण कार्यकर्त्याने उभे राहून हिशेब मागितला. पोरगा सरळ होता. पोस्टरे चिकटवायला, सतरंज्या उचलायला सगळ्यांच्या आधी हजर असायचा. त्याने हिशेब मागताच एक पुढारी गरजले, ‘‘विरोधकांची माणसं हिशेब मागत फिरतात. यानं हिशेब मागितला. म्हणजे हा विरोधकांचा!’’ टाळ्या पडल्या. मी शिक्षक, गणिताचा. मी तेथे बसलो होतो. ‘विरोधकांचा माणूस असेल तर हिशेब मागतो’ यावरून ‘हिशेब मागतो तर विरोधकांचा’ हे निघत नाही, एवढे मला कळत होते. मी बोललो नाही. तो मुलगा त्या दिवशी उठून गेला तो पुन्हा चळवळीत आला नाही. पुढे हिशेबाचे काय झाले हा वेगळा विषय आहे. चुकीच्या एका ‘म्हणून’ ने आम्ही एक प्रामाणिक माणूस गमावला, हे मात्र मला आजही विसरता येत नाही.

४

हे सगळे तर्कशास्त्र साहेबाने आणले, असे पुष्कळांना वाटते. आपल्या बौद्ध परंपरेचा हा केवढा मोठा वारसा आहे, याची आपल्याला जाणीव नसते. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेल्या दिग्नागाने ‘प्रमाणसमुच्चय’ लिहिला आणि अनुमानाचा विचार नव्या पायावर उभा केला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. हे जुनेच उदाहरण. येथे धूर हा हेतू, अग्नी हे साध्य आणि डोंगर हा पक्ष. दिग्नागाने सांगितले की हेतू खरा ठरायला तीन गोष्टी लागतात. तो पक्षावर असला पाहिजे : डोंगरावर खरोखर धूर असावा, धुके नसावे. तो सपक्षात असला पाहिजे : जेथे अग्नी असतो अशा दुसऱ्या एखाद्या ठिकाणी, जसे चुलीपाशी, धूर आढळावा. आणि विपक्षात तो कोठेही असता कामा नये : जेथे अग्नी नाही अशा एकाही ठिकाणी, जसे तळ्यात, धूर आढळू नये.

तिसरी अट सर्वांत कडक आहे. आपण आपल्या बाजूची दहा उदाहरणे देतो आणि सिद्ध झाले असे समजतो. दिग्नाग विचारतो, उलट उदाहरण शोधलेस काय? आणि धुरावरून अग्नी निघत असला तरी अग्नीवरून धूर निघत नाही. लोखंडाचा लालबुंद तापलेला गोळा जुन्या नैयायिकांनी याच कामासाठी पुढे केला आहे. तेथे अग्नी आहे, धूर नाही.

आता त्या बैठकीकडे परत या. पक्ष : तो तरुण. हेतू : हिशेब मागणे. साध्य : विरोधकांचा असणे. पहिली अट पुरी झाली. त्याने हिशेब मागितला होता. दुसरीही पुरी झाली. विरोधक हिशेब मागतात. तिसरी? जे विरोधकांचे नाहीत त्यांच्यात हिशेब मागणारा एकही नसावा. पण कष्टाच्या पैशांतून वर्गणी देणारी प्रत्येक बाई मनात हिशेब मागतच होती. हेतू विपक्षात आढळला, अनुमान कोसळले. अशा हेतूला अनैकांतिक म्हणतात. तो एकाच टोकाला बांधलेला नसतो.

हीच कसोटी राखीव जागांवरून होणाऱ्या वादाला लावून पाहा. ‘हा डॉक्टर राखीव जागेवरून आला, म्हणून कमी लायक’ असे आपल्याला तोंडावर ऐकविले जाते. यात किती पायऱ्या गाळल्या आहेत? राखीव जागेवर आलेल्या काहींचे प्रवेशाचे गुण कमी असतात. ‘काहीं’ वरून ‘याचे’ निघत नाही. याचे प्रवेशाचे गुण कमी होते असे धरले, तरी प्रवेशाच्या दिवशीचे गुण आणि पाच-सहा वर्षांनंतरची लायकी एकच, हे न बोललेले गृहीतक आहे. ते बोलून दाखविले की डळमळते, कारण अंतिम परीक्षेची उत्तीर्णतेची अट ओलांडूनच तो डॉक्टर झालेला असतो. रागाने उत्तर देण्यापेक्षा गाळलेली पायरी मोठ्याने वाचून दाखवावी. पुष्कळदा तेवढे पुरते.

५

वैध निष्कर्ष म्हणजे काय, याचा नमुना मला बाबासाहेबांच्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या १९४८ च्या ग्रंथात सापडला. अस्पृश्य हे वंशाने वेगळे होते, असे मत त्या काळी प्रचलित होते आणि त्याला नाकाच्या मोजमापांचा आधार दिला जाई. बाबासाहेबांनी ती मोजमापेच हाती घेतली. त्यांच्या युक्तिवादाचा सांगाडा असा : वंश ठरविण्यासाठी हे मोजमापांचे शास्त्र जर विश्वसनीय असेल, तर त्याच्याच आकड्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. मग ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. नाग असतील तर दोघेही नाग.

येथे ‘जर’ किती जपून वापरला आहे ते पाहा. ‘अस्पृश्य आर्य आहेत’ असे बाबासाहेब या ठिकाणी म्हणत नाहीत, आणि ब्राह्मण आर्य आहेत असेही म्हणत नाहीत. नाकाच्या मोजमापावरून वंश ठरतो, याचीही हमी ते देत नाहीत. आज तर तसे कोणी मानत नाही. तरीही युक्तिवादाला धक्का लागत नाही. शास्त्र मानले तर वेगळ्या वंशाचे मत पडते. शास्त्र नाकारले तर त्या मताचा आधारच जातो. विरोधकाला दोन्ही वाटा बंद. आपले अनेक वक्ते यातला ‘जर’ गाळून उरलेले वाक्य व्यासपीठावरून फेकतात आणि बाबासाहेबांच्या तोंडी त्यांनी न काढलेला निष्कर्ष घालतात. श्रद्धेने केले तरी ते अप्रामाणिकच.

६

आता परीक्षेविषयी थोडक्यात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत कलचाचणीचा पेपर आणला : दोन तास, ८० प्रश्न, २०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश वजा. २०१५ पासून तो ३३ टक्के गुणांच्या पात्रतेपुरता ठेवला आहे. पण पात्रता हुकली की दुसऱ्या पेपरातले सगळे कष्ट वाया. म्हणून मी मुलांना सांगतो ते असे. आधी निष्कर्ष वाचू नका, विधाने वाचा. प्रत्येक विधानाचे वर्तुळ काढा. ‘सर्व’ असेल तर एक वर्तुळ दुसऱ्याच्या पोटात, ‘काही’ असेल तर एकमेकांना छेदणारी, ‘एकही नाही’ असेल तर वेगवेगळी. एकापेक्षा जास्त प्रकारे आकृती निघत असेल तर त्या सगळ्या काढा. मग निष्कर्ष घ्या आणि तो मोडणारी आकृती मुद्दाम शोधा. सापडली तर निष्कर्ष निघत नाही. उताऱ्यावरच्या प्रश्नांत ‘नेहमी’, ‘केवळ’, ‘सर्वच’ असे शब्द निष्कर्षात दिसले आणि उताऱ्यात नसले, तर सावध व्हा. निष्कर्ष विधानांपेक्षा मोठ्या आवाजात बोलत असेल, तर त्याने काहीतरी बाहेरून आणले आहे.

वर्तुळे काढायला शिकविणे एका आठवड्याचे काम आहे. आपल्याला आवडणारा निष्कर्ष मोडणारी आकृती शोधायला शिकविणे मात्र वर्षाचे काम आहे. कारण तेथे बुद्धीइतकीच मनाची तयारी लागते.

७

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गाआधी थांबविले. म्हणालो, ‘‘बाळ, काल मी चुकीचं बोललो. वस्ती विसरू नको. पण त्या दोन विधानांतून तुझा नळ कोरडा ठरत नाही, हे खरं आहे. नगरपालिकेचा माणूस उद्या हेच म्हणेल, की शहरात काही नळ कोरडे आहेत, ते तुमचेच कशावरून? त्याला काय उत्तर देशील?’’

ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, ‘‘तिसरं विधान लागेल, सर.’’

त्या तिसऱ्या विधानासाठी वर्गातल्या पाच मुलींनी एक वही केली. घर क्रमांक, तारीख, पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले. दोन महिने त्यांनी चाळीस घरांची नोंद ठेवली. अर्जाला ती वही जोडली तेव्हा साहेबांना नेहमीचे ‘सगळीकडेच टंचाई आहे’ हे वाक्य म्हणून भागले नाही. शेजारच्या भागाची नोंदही मुलींनी जोडली होती. पाणी आता एक दिवसाआड येते. अजून रोज येत नाही. वहीचे काम चालू आहे.

पाण्यासाठी पुरावा मागितला जाणे आपल्याला नवीन नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि त्यानंतरचा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. तळ्यावर अस्पृश्यांना येऊ न देण्याची अनादी रूढी आहे, असा सनातन्यांचा दावा होता. मार्च १९३७ मध्ये न्यायालयाने अशी रूढी सिद्ध झालेली नाही, असा निकाल दिला. ‘इतकी वर्षे पाणी घेतले नाही’ यावरून ‘पाणी घेण्याचा अधिकार नाही’ हे निघत नाही. तळ्यावरचा सत्याग्रह आणि कोर्टातला युक्तिवाद या एकाच लढ्याच्या दोन बाजू होत्या.

कालामांना उपदेश करताना तथागतांनी परंपरेवर, ऐकीव गोष्टीवर, ग्रंथाच्या अधिकारावर विसंबू नका असे सांगितले. त्याच यादीत नुसत्या तर्कावरही विसंबू नका असे सांगितले आहे. त्या मुलीला जे म्हणायचे होते ते यात आहे. तर्क अनुभवाची जागा घेऊ शकत नाही. अनुभवाला दुसऱ्यापुढे उभे राहता यावे म्हणून तो लागतो. आणि दिग्नागाच्या परंपरेतल्या धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त मूढपणाची पाच लक्षणे मोजली, त्यांत जातीचा अभिमान हे एक आहे. अनुमानाचा विचार करता करता हा आचार्य जातीपर्यंत पोहोचला, यात मला नवल वाटत नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणे हे आपल्या इतिहासातले सर्वांत मोठे चुकीचे अनुमान आहे.

त्या जुन्या बैठकीतल्या तरुणाला मी आता शोधू शकत नाही. पण वर्गात, सभेत, घरात कोणी ‘म्हणून’ म्हटले की मी विचारतो, कशावरून? हा प्रश्न शत्रूला विचारणे सोपे असते. आपल्या माणसाला, भर सभेत, टाळ्या पडत असताना तो विचारता आला पाहिजे. आमच्या मुलांनी परीक्षेत गुण मिळवावेतच. पण वर्तुळे काढता काढता ही सवयही त्यांना लागावी, एवढ्यासाठी मी रोज संध्याकाळी त्या खोलीचे कुलूप उघडतो.